यारीची लहान प्रतिकृति : बांधणी आणि रंगकाम

रेल्वेच्या मोठ्या यार्डांत मुख्य रुळांपासून दूर, एखाद्या आडबाजूच्या रुळावर लांब भुजेची एक यंत्रगाडी उभी असलेली तुमच्यापैकीं कांहींनीं पाहिली असेल. तिला आपण बोलतांना क्रेन म्हणतों; मराठींत तिला यारी असें जुनें नांव आहे. वर्षांतील पुष्कळसे दिवस ती स्वस्थ उभी असते. परंतु डबे रुळांवरून घसरले, पुलाची तुळई बसवावयाची असली, किंवा एखादें अवजड यंत्र उतरवून घ्यावयाचें असलें, म्हणजे सर्वांना प्रथम तिचीच आठवण होते.

अशा यारीची तळहातावर मावेल एवढी प्रतिकृति घरीं जुळवितां येते. इंग्लंडांत ही आवड फार जुनी आहे. एअरफिक्स या इंग्रजी कंपनीनें १९६० नंतरच्या दशकांत १५ टनी डिझेल यारीचा प्लास्टिकचा संच काढला होता. त्याचे सांचे पुढें डॅपॉल या दुसऱ्या कंपनीकडे गेले, आणि तो संच त्यानंतरहि पुष्कळ वर्षें विकला जात राहिला. संच कोणत्याहि कंपनीचा असो, त्याची जुळणी करण्याची रीति बहुधा सारखीच असते. प्रस्तुत लेखांत चार चाकांची एक लहान यारी कशी जुळवावी, आणि जुळविल्यावर तिच्यावर ऊनपावसाची व कामाची छाप कशी उठवावी, याचें क्रमवार विवेचन करावयाचें योजिलें आहे. हें काम करतांना गणित, पदार्थविज्ञान आणि रसायन या तिन्ही विषयांशीं गांठ पडते, म्हणून याला केवळ खेळ समजूं नये.

खऱ्या यारीची ओळख

ज्या वस्तूची प्रतिकृति करावयाची, ती वस्तु काय काम करते हें आधीं समजलें पाहिजे. यारीचे मुख्य भाग चार. खालीं चाकांचा गाडा. त्यावर वाटोळें फिरणारा पाट. त्या पाटावर यंत्र व केबिन. आणि पुढें तिरपी वर गेलेली भुजा, जिला इंग्रजींत जिब म्हणतात. भुजेच्या टोकाशीं कप्पी असते. तिच्यावरून तारेचा दोर खालीं येतो आणि त्याला आंकडा लावलेला असतो. दोराचें दुसरें टोक यंत्राच्या रुळावर गुंडाळलेलें असतें. केबिनच्या मागल्या बाजूस लोखंडाचा जड ठोकळा बसविलेला असतो, त्यास प्रतिभार म्हणतात.

इ. स. १८४६ हें वर्ष यारीच्या इतिहासांत दोन कारणांसाठीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षीं विल्यम आर्मस्ट्राँग यानें न्यूकॅसल येथील नदीच्या धक्क्यावर पाण्याच्या दाबानें चालणारी यारी उभी केली. आणि त्याच वर्षीं कार्लाइल शहरानजीक कावन्स शेल्डन या कारखान्याचा आरंभ झाला. या कारखान्याच्या रेल्वे याऱ्या पुढें देशोदेशीं गेल्या. इप्स्विच येथील रॅन्सम्स अँड रेपिअर हा १८६९ मध्यें निघालेला कारखानाहि तितकाच नामांकित होता. रूळ आणि पूल यांना प्रत्येक आंसामागें ठराविक वजनच सोसतें. मग ज्या यारीचें स्वतःचेंच वजन अफाट, ती प्रवास कसा करणार? रॅन्सम्स अँड रेपिअर कारखान्याचे प्रमुख विल्फ्रेड स्टोक्स यांनीं यावर युक्ति काढली. प्रवासांत यारीला पुढेंमागें जादा चाकांच्या गाड्या जोडावयाच्या, म्हणजे तिचें वजन अधिक आंसांवर वांटलें जातें. आणि कामाच्या जागीं पोंचल्यावर त्या सोडून बाजूस ठेवावयाच्या. १९१५ मध्यें उखळी तोफेचा नवा प्रकार शोधून काढणारे स्टोक्स ते हेच. त्यांचा इप्स्विच येथील कारखाना १९८७ मध्यें बंद झाला.

आपल्या देशांत जमालपूर येथील रेल्वे कारखाना १८६२ सालीं सुरू झाला, आणि १४० टन उचलणाऱ्या डिझेल याऱ्या त्या कारखान्यांत तयार झालेल्या आहेत. लहान रेल्वेची हौसहि आपल्याकडे अगदींच अपरिचित नाहीं. पुण्यांत लहान रेल्वेचें एक संग्रहालय १९९८ मध्यें उघडलें आहे, आणि रुळांवर धांवणाऱ्या छोट्या गाड्या तेथें दाखवितात.

मापाचें गणित

इंग्लंडांतील बहुतेक हौशी लोक १ फुटास ४ मिलिमीटर हें प्रमाण वापरतात. १ फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, त्यास ४ नें भागलें असतां ७६.२ येतात. म्हणजे प्रतिकृति ही मूळ वस्तूच्या ७६.२ व्या हिश्शाएवढी असते. या प्रमाणास डबल ओ असें म्हणतात.

आतां एक गोष्ट पडताळून पहा. इंग्लंडांतील रुळांमधील अंतर ४ फूट ८॥ इंच, म्हणजे १४३५ मिलिमीटर आहे. त्यास ७६.२ नें भागल्यास १८.८३ मिलिमीटर येतात. परंतु डबल ओचे रूळ प्रत्यक्षांत १६.५ मिलिमीटर अंतराचेच असतात! हें अंतर १ फुटास ३॥ मिलिमीटर या लहान प्रमाणाला बरोबर आहे. इंग्लंडांतील इंजिनें आकारानें लहान असल्यामुळें त्या प्रमाणांत त्यांच्या पोटांत विजेची मोटर मावेना. तेव्हां इंजिनाचें शरीर मोठ्या प्रमाणांत केलें आणि रूळ मात्र लहान प्रमाणाचेच ठेवले. ही तडजोड आजवर चालत आलेली आहे. आपल्या देशांतील रुंद रुळांचें अंतर १६७६ मिलिमीटर आहे. तें या प्रमाणांत किती येईल हें ज्यानें त्यानें स्वतः काढून पहावें. उत्तर २२ मिलिमीटरांच्या अगदीं जवळ आलें पाहिजे.

या गणिताचा रंगकामाशींहि निकट संबंध आहे. प्रतिकृति आपण बहुधा ३० सेंटिमीटरांवरून पाहतों. ३० सेंटिमीटरांस ७६.२ नें गुणलें असतां सुमारें २३ मीटर होतात. म्हणजे हातांतील यारी पाहणें हें खरी यारी २३ मीटरांवरून पाहण्यासारखें आहे. तितक्या अंतरावरून जें दिसत नाहीं, तें प्रतिकृतीवर दाखवूं नये. तसेंच, कुंचल्याच्या टोकानें लावलेला १ मिलिमीटराचा गंजाचा ठिपका खऱ्या यारीवर ७ सेंटिमीटरांहून मोठा होईल, हेंहि सदैव मनांत बाळगावें.

साहित्य

साहित्य थोडें लागतें. धारदार लहान चाकू, बारीक कानस, पॉलिश पेपर, चिमटा, पोलादी पट्टी, गुण्या, कपडे वाळत घालण्याचे लाकडी चिमटे, प्लास्टिक जोडण्याचा पातळ द्राव, दोन-तीन कुंचले, एक जुना दांत घासण्याचा ब्रश आणि आरशाचा किंवा कांचेचा सपाट तुकडा. रंगांपैकीं काळा, पांढरा, तपकिरी, पिवळा व तांबडा एवढे असले तरी पुरे. बाकीच्या छटा मिसळून करतां येतात.

येथें पालकांस एक विनंति आहे. चाकूचें पातें बोथट झालें कीं मूल जोर लावतें आणि मग हात निसटतो. म्हणून पातें वेळच्या वेळीं बदलून द्यावें, आणि कापतांना पात्याची दिशा बोटांकडे नसावी हें एकदां हातीं धरून शिकवावें. जोडण्याच्या द्रावाची वाफ हुंगण्याजोगी नव्हे. खिडकी उघडी ठेवून काम करावें, बाटलीला झांकण लावून ठेवावें आणि जवळ दिवा अगर उदबत्ती नसावी.

बांधणी

संच उघडल्यावर लगेच तुकडे तोडण्यास लागूं नये. प्रथम आकृतिपत्र शेवटपर्यंत वाचावें आणि त्यांतील आंकड्यांप्रमाणें सर्व तुकडे आहेत कीं नाहींत तें मोजावें. नंतर ज्या चौकटींत तुकडे ओतलेले असतात ती चौकट तशीच कोमट साबणाच्या पाण्यानें धुवावी. कारण सांच्यांतून माल सहज सुटावा म्हणून लावलेला तेलकट पदार्थ कधीं कधीं तुकड्यांवर राहतो, आणि त्यावर रंग धरत नाहीं.

तुकडा चौकटीपासून पिरगाळून काढूं नये. त्यानें कडेचा लचका निघतो. चाकूनें थोडी दांडी राखून कापावें, आणि उरलेली दांडी कानशीनें व मग पॉलिश पेपरनें घासून टाकावी. सांच्याच्या दोन पाळ्या जेथें मिळतात तेथें प्रत्येक तुकड्यावर एक बारीक रेघ उठलेली असते. ती पात्याच्या कडेनें हलकेच खरवडून काढावी. कच्च्या डोळ्याला ती दिसत नाहीं, परंतु रंगाचा पहिला हात बसतांच ती उठून दिसते आणि मग उपाय उरत नाहीं.

प्रत्येक जोड आधीं कोरडाच लावून पहावा. सांधा नीट बसतो अशी खात्री झाल्यावरच द्राव लावावा. हा द्राव गोंदासारखा दोन वस्तूंच्या मध्यें राहून त्यांना धरीत नाहीं. तो दोन्ही पृष्ठभाग किंचित् विरघळवितो आणि ते एकमेकांत मिसळून वाळल्यावर एकजीव होतात. म्हणून द्राव अधिक घातल्यानें सांधा बळकट होत नाहीं, उलट तुकडाच मऊ पडून वांकतो. दोन तुकडे एकत्र धरून सांध्याच्या फटीला द्रावाचा कुंचला नुसता टेकवावा. द्राव आपोआप फटींत शिरतो. दिव्याच्या वातींत तेल ज्या गुणानें चढतें त्याच गुणानें तो शिरतो.

सर्वांत आधीं गाडा जुळवावा. त्याच्या दोन बाजू व आडवे तुकडे जोडल्यावर, द्राव ओला असतांनाच, चाकें आंसांसह मध्यें बसवावीं आणि गाडा कांचेवर उभा करावा. भूमितींत तुम्हीं शिकलां आहां कीं, कोणतेहि तीन बिंदु एका पातळींत असतातच. चौथा मात्र असेलच असें नाहीं. तिपाई कधीं डुगडुगत नाहीं, परंतु चारपाईचा एक पाय लंगडा असूं शकतो, त्याचें कारण हेंच. चारहि चाकें कांचेला टेकलीं आहेत असें पाहून, गाड्यावर एक पुस्तक हलकेच ठेवावें आणि रात्रभर वाळूं द्यावें. येथें घाई केली तर यारी पुढें जन्मभर रुळावरून उतरत राहते, आणि मग वरचें काम कितीहि सुबक असलें तरी व्यर्थ जातें.

भुजा जोडतांना दुसरी अडचण येते. तिच्या दोन लांब बाजू व मधल्या तिरप्या पट्ट्या नाजूक असतात, आणि जरा दुर्लक्ष झालें कीं भुजेला पीळ पडतो. कागदावर एक सरळ रेघ ओढून तिच्यावर भुजा ठेवावी, दोन्ही बाजूंस पोलादी पट्ट्या लावाव्यात आणि लांकडी चिमट्यांनीं धरून ठेवावी. वाळल्यावर भुजेच्या एका टोकाकडून डोळा लावून पहावें. सुतार फळी पाहतो त्याप्रमाणें. भुजा गाड्यापुढें लांब येत असल्यामुळें प्रवासांत तिच्याखालीं एक सपाट डबा जोडण्याची चाल आहे. संचांत तो असल्यास त्याचीहि बांधणी याच क्रमानें करावी.

तोल

यारी उलटत कां नाहीं? हा प्रश्न ज्याला पडला नाहीं त्यानें यारी पाहिली असें म्हणतां येणार नाहीं. आपण एक उदाहरण घेऊं. समजा, एका यारीचें वजन ३० टन आहे आणि तिचा गुरुत्वमध्य दोन्ही रुळांच्या बरोबर मधोमध आहे. रुळांच्या माथ्यांमधील अंतर सुमारें १॥ मीटर धरलें, तर मध्यापासून प्रत्येक रूळ पाऊण मीटर दूर राहतो. आतां भुजा बाजूला वळवून ६ टनांचा भार उचलला. तो भार जवळच्या रुळापासून ३ मीटर बाहेर लोंबत आहे. भुजेचें स्वतःचें वजन सोपेपणासाठीं सोडून देऊं.

यारी उलटलीच तर ती या जवळच्या रुळाभोंवतीं उलटेल. भार तिला पाडूं पाहतो, त्याचें माप ६ गुणिलें ३ म्हणजे १८. यारीचें वजन तिला सांवरून धरतें, त्याचें माप ३० गुणिलें पाऊण म्हणजे २२॥. सांवरणारें माप मोठें आहे, म्हणून यारी उभी राहते. आतां तोच भार, तीच यारी. केवळ भुजा खालीं उतरवून भार आणखी १ मीटर दूर नेला. पाडणारें माप ६ गुणिलें ४ म्हणजे २४ झालें. भार एका शेरानेंहि वाढला नाहीं, तरी यारी उलटली! यारीच्या भुजेवर किंवा केबिनवर कोणत्या अंतरावर किती भार उचलावा याचा तक्ता लावलेला असतो, तो याचसाठीं. खालीं उभ्या असलेल्या माणसांचे प्राण त्या तक्त्यावर अवलंबून असतात.

मोठें काम असलें म्हणजे यारीच्या दोन्ही बाजूंस लोखंडी टेकू बाहेर काढून त्यांच्याखालीं लांकडी ठोकळे रचतात. टेकू मध्यापासून १॥ मीटरावर टेकला तर सांवरणारें माप ३० गुणिलें १॥ म्हणजे ४५ होतें. आणि भार आतां रुळापासून न मोजतां टेकूपासून मोजावयाचा असल्यामुळें त्याचें ४ मीटरांचें अंतर ३। मीटर उरतें, म्हणजे पाडणारें माप केवळ १९॥. हातभर लोखंड बाहेर आल्यानें केवढा फरक पडला पहा. तुमच्या प्रतिकृतींत हे टेकू असतील तर त्यांना निरर्थक शोभा समजून फेकून देऊं नका.

प्लास्टिकची यारी फार हलकी असते. आंकड्यास थोडासा भार लावतांच ती पुढें झुकते. म्हणून केबिन बंद करण्यापूर्वीं तिच्या मागल्या भागांत लोखंडाचे दोन-तीन नट चिकटवून ठेवावे. शिसें वापरूं नये. तें विषारी आहे. वाळल्यावर एक प्रयोग करावा. भुजा बाजूला वळवून आंकड्यास कागदाच्या टांचण्या एकेक करून अडकवाव्यात आणि कितव्या टांचणीस यारी झुकते तें लिहून ठेवावें. नंतर भुजा निरनिराळ्या कोनांत ठेवून तेंच पुन्हां करावें. टांचण्यांची संख्या आणि रुळापासूनचें अंतर यांचा गुणाकार दर वेळीं जवळजवळ सारखाच येतो. वरचें गणित आपल्या मेजावर आपल्याच हातानें पटलें, म्हणजे तें विसरत नाहीं.

दोर

दोर सर्वांत शेवटीं, रंग झाल्यावर ओंवावा. परंतु त्याचा विचार आधींच करून ठेवावा. ०.३ मिलिमीटर जाडीचा दोरा या प्रमाणांत २३ मिलिमीटरांच्या तारेच्या दोराएवढा होतो, आणि तो शोभतो. सुती दोऱ्याला बारीक तूस असतें. तें या मापांत सुंभासारखें दिसतें. दोरा मेणाच्या तुकड्यावरून दोन-तीनदां ओढला कीं तूस बसतें.

आंकड्याच्या वर कप्पी असेल तर दोर भुजेच्या टोकावरून खालीं येऊन, त्या कप्पीखालून पुन्हां वर जातो आणि टोकाशीं बांधला जातो. अशा वेळीं भार दोन दोरांवर वांटला जातो; १ टन भाराला प्रत्येक दोरावर अर्ध्याच टनाचा ताण येतो, परंतु भार १ मीटर उचलण्यास दोर २ मीटर गुंडाळावा लागतो. आकृतिपत्रांत दाखविल्याप्रमाणेंच दोर ओंवावा. मन मानेल तसा गुंडाळलेला दोर जाणत्याच्या डोळ्यांत लगेच सलतो. खऱ्या यारीचा आंकडा वजनदार असल्यामुळें दोर नेहमीं ताठ असतो. गवंड्याच्या ओळंब्याप्रमाणें आंकडा सरळ खालीं लोंबला पाहिजे. प्लास्टिकच्या आंकड्यानें दोर ढिला राहतो. तेव्हां कप्पीच्या मागें एक बारीक छर्रा चिकटवावा, अथवा आंकडा साखळीनें खालच्या डब्यास अडकवून दोर ताणून घ्यावा. प्रवासांत तो तसाच बांधलेला असतो.

रंग

प्रथम राखी अस्तराचा एक पातळ हात द्यावा. अस्तर उणीव झांकण्यासाठीं नसून दाखविण्यासाठीं आहे. फट किंवा ओरखडा दिसल्यास तेथेंच थांबून तो भरावा, घासावा आणि पुन्हां अस्तर द्यावें. पुढें गंजाचा रंग लावल्यावर वाईट सांधा लपेल अशी आशा कोणी करूं नये. पातळ रंग फटीकडेच धांवतो आणि ती अधिकच ठळक करतो.

ब्रिटिश रेल्वेच्या अपघात-याऱ्या आधीं काळ्या, पुढें तांबड्या आणि त्यानंतर पिवळ्या असत. कोणत्या काळची यारी करावयाची तें प्रथम ठरवावें आणि अक्षरें, आंकडे व सोबतचे डबे त्याच काळाचे असावेत. कोणताहि रंग बाटलींतून काढून तसाच लावूं नये. दूरची वस्तु फिकट दिसते हें आपण डोंगरांकडे पाहून जाणतोंच. आणि आपली यारी तर २३ मीटरांवर उभी आहे. काळ्यांत थोडा पांढरा व किंचित् तपकिरी, तांबड्यांत थोडा पिवळट पांढरा मिसळावा. एका जाड हातापेक्षां दोन पातळ हात नेहमीं चांगले. मात्र पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा द्यावा.

पाण्यांत भिजवून चिकटविण्याचीं अक्षरें खडबडीत रंगावर नीट बसत नाहींत. त्यांच्याखालीं हवा राहून चंदेरी डाग दिसतात. म्हणून त्या जागीं आधीं चकचकीत रोगणाचा एक हात द्यावा, अक्षरें लावावीं, आणि वाळल्यावर सबंध यारीवर बिनचमकेच्या रोगणाचा हात फिरवावा.

ऊनपावसाची छाप

येथपर्यंत झालें म्हणजे यारी कारखान्यांतून नुकतीच बाहेर पडल्यासारखी दिसेल. तिला कामावरील यारीचें रूप द्यावयाचें हा शेवटचा भाग. आणि पुष्कळांची यारी बिघडते ती येथेंच. गंज आणि घाण दोन्ही मन मानेल तशीं फांसलीं कीं जुनेपणा येतो, असा समज आहे. तो खरा नाहीं. खऱ्या वस्तूवरील प्रत्येक डागाला कारण असतें. म्हणून कुंचला टेकण्यापूर्वीं त्या जागेसंबंधीं तीन प्रश्न विचारावेत: येथें पाणी कोठून येतें व कोठें थांबतें? येथें माणसाचा हात किंवा पाय लागतो काय? येथें लोखंडावर लोखंड घांसतें काय?

पहिला प्रश्न पाण्याचा. लोखंड, हवेंतील प्राणवायु आणि पाणी यांच्या संयोगानें गंज होतो; यांपैकीं पाणी नसेल तर गंजहि नाहीं. म्हणून गंज तेथेंच दाखवावा जेथें पाणी सांचतें: भुजेच्या आडव्या पट्ट्यांवर, रिव्हेटांच्या भोंवतीं, पाटाच्या कोपऱ्यांत, रंगाचा पोपडा उडालेल्या कडांवर. तेथून तो ओघळ होऊन खालीं येतो, आणि ओघळ नेहमीं उभा असतो, कारण पाणी खालींच वाहतें. ताजा गंज नारिंगी व जुना गंज काळसर तपकिरी असतो; म्हणून आधीं काळसर छटा लावून, तिच्या मध्यें अगदीं थोड्या जागीं नारिंगी टिंब द्यावें.

दुसरा प्रश्न हातापायांचा. दांड्या, कठडे, पायऱ्या, दाराची मूठ या जागा रोज वापरांत असतात. तेथें गंज बसण्यास अवसर मिळत नाहीं. रंग झिजून धातु चकाकते. पायरीच्या मधोमध कुंचल्याच्या टोकानें किंवा पेन्सिलीच्या शिशानें हलकी चमक द्यावी.

तिसरा प्रश्न घर्षणाचा. चाकांचा रुळावर टेकणारा भाग, कप्पीची खोबण, दांतेरी चाकांचे दांत हे घांसून उजळ झालेले असतात. दांत्यांच्या भोंवतीं आणि दोराच्या रुळावर वंगणाचा काळा थर असतो. ब्रेकच्या ओतीव लोखंडाच्या ठोकळ्यांची झीज होऊन तिची तपकिरी पूड गाड्याच्या खालच्या भागावर बसते. वाफेच्या यारीच्या छपरावर काजळी असते. डिझेल यारीची काजळी धुराड्याच्या तोंडाजवळच दिसते.

आतां कृति. प्रथम काळ्या-तपकिरी रंगांत पुष्कळ पातळ द्रव मिसळून त्याचें गढूळ पाणी करावें, तें सबंध यारीवर फिरवावें आणि लगेच स्वच्छ फडक्यानें वरून खालीं पुसावें. तें कोपऱ्यांत आणि रेघांत तेवढें राहतें. मात्र खालचा रंग आणि हें पाणी एकाच जातीचें नसावें; खालीं ॲक्रिलिक रंग असेल तर वरचें पाणी टर्पेंटाइनमध्यें केलेल्या तेलरंगाचें असावें, नाहींतर खालचा रंग सुटून येईल. दुसऱ्या दिवशीं कोरड्या कुंचल्याचें काम: कुंचला फिकट रंगांत बुडवून कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाकावा, आणि मग उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. कडा व रिव्हेटें उठून दिसतात. शेवटीं पूड: तपकिरी, तांबडा व काळा खडू पॉलिश पेपरवर घासून भुकटी करावी आणि मऊ कुंचल्यानें हवी तेथें बसवावी. खडू नसल्यास विटेची बारीक चाळलेली पूड आणि दिव्याची काजळी यांनींहि उत्तम काम होतें. प्रत्येक पायरीनंतर यारी हातभर दूर ठेवून पहावें, आणि आणखी थोडें लावावें अशी इच्छा होईल तेव्हां त्या दिवशीं थांबावें.

एका गोष्टीविषयीं मात्र विशेष सांगणें आहे. पुष्कळ मुलें तारेचा दोर गंजलेला रंगवितात, कारण तो तसा सुंदर दिसतो असें त्यांना वाटतें. परंतु कामावरच्या यारीचा दोर गंजलेला असूं शकत नाहीं. तो वंगणानें काळा व ओलसर असतो. कारण दोर तुटला तर खालचा माणूस मरतो, हें यारी सांभाळणाऱ्याला ठाऊक असतें. त्याचप्रमाणें भाराचा तक्ता सभोंवतीं कितीहि धूळ असली तरी पुसलेला असतो. केबिनचा पत्रा गंजला तरी चालतो, आंकडा गंजून चालत नाहीं. म्हणून तुमच्या यारीवर गंज दाखवावयाचा तो निरुपद्रवी जागीं, आणि जेथें माणसाच्या जिवाचा संबंध येतो तेथें निगा दाखवावयाची. ज्यांनीं खऱ्या याऱ्या रात्रीबेरात्रीं, पावसांत, अपघाताच्या जागीं चालविल्या, त्या कामगारांची काळजी तुमच्या लहानशा यारीवर दिसली पाहिजे. गंजका दोर रंगविणें म्हणजे त्यांनीं आपलें काम केलें नाहीं असें नकळत म्हणणें होय.

पालकांस दोन शब्द

परीक्षेच्या अभ्यासांतून हा वेळ काढावा काय, अशी शंका कोणास येईल. हें काम एका बैठकीचें नाहीं, आणि तसें तें करूंहि नये. प्रत्येक पायरीला वाळण्यास वेळ द्यावा लागतो. रोज अर्धा तास दिला तर तीन-चार आठवड्यांत यारी पुरी होते, आणि मधल्या काळांत मुलाला थांबण्याची संवय लागते. सूचना वाचून त्याप्रमाणें वागणें, मोजून मग कापणें, आधीं पाहून मग जोडणें, या संवयी कोणत्याहि प्रयोगशाळेंत आणि कारखान्यांत लागतात. मुलाच्या हातून एखादा सांधा वांकडा झाला तर पालकांनीं तो स्वतः सरळ करून देऊं नये. कां वांकडा झाला एवढें मात्र त्याला विचारावें. संच महाग वाटल्यास जाड पुठ्ठा, बांबूच्या काड्या आणि बाटल्यांचीं झांकणें यांचीहि यारी करतां येते. तोल, कप्पी आणि ऊनपाऊस यांचे नियम तिलाहि तेच लागू आहेत.

काम करतांना एक वही जवळ ठेवावी. कोणता रंग कशांत किती मिसळला, कोणत्या पायरीला किती वेळ लागला, किती टांचण्यांवर यारी झुकली, हें तारीख घालून तींत लिहावें. पुढील वेळीं रेल्वेनें प्रवास कराल तेव्हां खिडकींतून यार्डाकडे लक्ष ठेवा. यारी दिसल्यास तिच्या भुजेवरील ओघळ कोठून निघाला आहे, चाकांचा कोणता भाग उजळ आहे आणि दोर कोणत्या रंगाचा आहे, हें पाहून त्याच वहींत टिपून ठेवा. दुसरी यारी रंगविण्यास बसाल तेव्हां ती वही जवळ असूं द्या.